जावळाची घोंगडी

माझी नात मनू परवा पुण्याहून आली ती तोंडात तळी घेऊनच. चपला काढायच्या आधी फोन माझ्या नाकासमोर धरला. "आजी, हे बघ. एका दिवसात तीन तळी! पहाटे पाचला निघायचं, संध्याकाळी सहाला परत." काश्मीरकडच्या डोंगरातली, बर्फानं कोरून केलेली निळी तळी होती ती. तिच्या फोनमध्ये सगळं होतं. चढ किती, ढग कधी येणार, पाणी कुठं मिळणार, मोजे किती घ्यायचे. मी म्हटलं, "अगं बाई, एवढं निरखून तर तुझ्या आईनं नवराही बघितला नव्हता." ती हसली आणि म्हणाली, "आजी, तुझ्याकडं खरी लोकर आहे का गं काही? तिथं लोकरच लागते म्हणतात." आणि मी नको नको म्हणेपर्यंत पोरीनं माझं लोखंडी कपाट उघडून तळाची उशीची खोळ बाहेर ओढली. खोळीतून काळा, जाड, पाटाएवढा एक चौकोन निघाला. वाळलेल्या कातड्यासारखा ताठ. "ईऽ, हे काय आहे? घोंगडी आहे का? अशी आखडली कशानं?" मी तिला जे उत्तर दिलं ते गेली चाळीस वर्षं मी सगळ्यांना देत आले आहे. तिचं समाधान झालं, ती फोन घेऊन गॅलरीत गेली. मी तो तुकडा मांडीवर घेऊन बसले आणि मला माझी इतकी लाज वाटली की दुपारचं जेवण गेलं नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पार शेवटाकडं. बारामतीची तहान भागवून, वाटेतल्या उसांना पाजून जे पाणी उरेल ते आमच्या चारीला, म्हणजे शेताकडच्या पाटाला यायचं, तेही पाळीनं. चारीच्या दाराला उभे लोखंडी गज होते आणि वरच्या लोकांनी कालव्यात जे जे टाकलं ते त्या गजांना येऊन अडकायचं. नारळ, झेंडूच्या माळा, रबरी चपला, एकदा तर बिनहाताची बाहुली. तात्या, म्हणजे माझे वडील, पाळीच्या दिवशी आधी ते गज मोकळे करायचे आणि मग दार उचलायचे. हाताला लागेल ते बांधावर मांडायचे आणि आईला म्हणायचे, "बारामतीकरांनी काय टाकलं ते आपल्याला हितं बसून कळतंय बघ. पेपर कशाला पायजे?" हे वाक्य मी फ्रॉकात होते तेव्हापासून ऐकत होते. पण ऐकणं वेगळं आणि ध्यानात ठेवणं वेगळं.

कालव्याचं पाणी यायच्या आधी आम्ही मेंढरंवाले. तात्या आणि मोरगावकडचे सिदूआबा, दोघांचे कळप एकत्र असायचे. दसरा झाला की निघायचे ते थेट कोकणाच्या तोंडापर्यंत, आणि पावसाच्या आधी माघारी. वीस वर्षं दोघांनी एका चुलीवरचं खाल्लं. पुढं शेतात पाणी आलं, आईनं "आता माझे पाय न्हाय चालायचे" म्हणून ठिय्या दिला, आणि तात्यांनी आपली मेंढरं सिदूआबांच्या हवाली केली. मेंढरं गेली त्या दिवशी आमच्या घरात हुलग्याचं माडगं केलं होतं आणि ते कुणी प्यायलं नाही, एवढं मला आठवतं. जाण्याआधी तात्यांनी कोकरांची शेवटची कातरण करून घेतली होती. कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात, आपल्या लेकरांच्या जावळासारखंच. ती लोकर फार मऊ आणि फार थोडी निघते. पुढचं वर्षभर तात्या पाण्याची पाळी नसेल तेव्हा उंबऱ्यात बसून चातीवर तिचं सूत कातायचे. ती चाती मांडीवर घासून सोडली की घुर्र आवाज करत फिरायची आणि मांजर तिच्याकडं टक लावून बसायचं. मग सणगराकडून घोंगडी विणून आणली. काळीभोर, काठाला पांढरी रेघ, चिंचोक्याची खळ दिलेली. तात्या म्हणाले, "ही आता मी मरोस्तवर पुरंल." ते काही बोलण्यापुरतं बोलले नव्हते. आमच्या कळपाची तेवढीच खूण घरात उरली होती.

मी तेव्हा बारामतीला मावशीकडं राहून कॉलेज करत होते. आठवीपासूनच तिथं. म्हणजे मेंढरांचं जे शिकायचं ते शिकण्याच्या वयात मी बारामतीत वह्यांना खाकी कव्हरं घालत होते. कॉलेजात आमचे भूगोलाचे सर होते, त्यांना डोंगराचं वेड. त्यांनी ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा मुलामुलींना हिमाचलात न्यायचं, खालच्या गावात उतरायचं आणि एका दिवसात वरची तीन तळी बघून यायचं. बारामतीतून हिमाचल! आमच्यातल्या निम्म्यांनी तोवर पुणंसुद्धा धड बघितलं नव्हतं. सरांनी कामं वाटून दिली. कुणाकडं औषधं, कुणाकडं शिधा. मला नकाशा बरा वाचता यायचा म्हणून त्या एका दिवसाचा आराखडा माझ्याकडं आला. किती वाजता निघायचं, कुठं थांबायचं, कधी माघारी फिरायचं, सगळं मी ठरवायचं. मी इतकी फुगले की मावशी म्हणाली, "सुले, जरा जमिनीवर चाल, अजून डोंगर यायचाय."

नकाशाची झेरॉक्स घेऊन मी गावी आले. तात्यांना समजावलं की ही तळी कुणी खणलेली नाहीत, बर्फानं डोंगर खरवडून केलेली आहेत. "बर्फ खरवडतो व्हय?" तात्या म्हणाले. आई चुलीपुढून म्हणाली, "हितं तर गोळेवाल्याचाच बर्फ ठावं, त्यो जिभंवर इरघळतो." तात्यांनी नकाशा उलटासुलटा केला, बाजूला ठेवला आणि सुपातले मूठभर ज्वारीचे दाणे घेऊन जमिनीवर बसले. "ह्ये गाव. ह्यं पैलं तळं. आता सांग, चढाला किती दम लागतील?" दम म्हणजे जिथं छाती भरून येते आणि माणूस थांबतो ती जागा. एकेका दमाला ते एकेक दाणा ठेवत गेले. तिसऱ्या तळ्यापर्यंत दाण्यांची ओळ चुलीपर्यंत गेली. मग म्हणाले, "आता येताना मोज." मी म्हटलं, "येताना उतार आहे तात्या, पटकन होईल." ते हसले. "येताना पाय दमल्यालं असत्यात, पोटात काय न्हाय, आन आभाळ भरतंय. तळं बघाय जायचं नसतं पोरी, बघून यायचं असतं. येनं पैलं मोज. सूर्व्या डोक्यावर आला की जितं असशील तितनं माघारी फीर. तळं दिसत असलं तरी फीर." मी ते सगळं वहीत उतरून घेतलं.

बारामतीला बैठकीत मी तो आराखडा वाचला. आधी परतीचा वेळ मोजायचा, मग जाण्याचा. बाराला जिथं असू तिथून मागं. सर खूश झाले. "वा! हे कुठं वाचलंस?" सगळे माझ्याकडं बघत होते. काटेवाडीची विद्या बघत होती, तिच्या घरची बागायत मोठी, वडील दर वर्षी कुठं कुठं फिरायला न्यायचे. मी म्हटलं, "एका इंग्रजी पुस्तकात, सर." पुस्तकाचं नाव कुणी विचारलं नाही म्हणून वाचले. बघा, सुरुवात अशी झाली. खोटं बोलताना जीभ अडखळली असती तर पुढचं टळलं असतं, पण माझी जीभ कसली गुणाची! साफ चालली.

जायच्या आधीच्या आठवड्यात तात्या बारामतीला आले. खांद्यावर घडी घातलेली घोंगडी. मावशीच्या ओट्यावर बसून चहा प्यायले आणि घोंगडी माझ्या मांडीवर ठेवली. "ही ने. तितं गोधडीचं काम न्हाय. वल्ली झाली तरी ऊब सोडत न्हाय ही." मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला थंडीत पाळीला जाताना लागेल." ते म्हणाले, "मी काय बर्फात चाललोय व्हय?" आणि एसटीला उशीर होतो म्हणून उठले. त्यांची पाठ वळली तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. तेवढं तरी माझ्या बाजूनं लिहिते.

दुसऱ्या दिवशी सगळे आपापलं सामान दाखवायला मावशीकडं जमले. कुणाचा स्वेटर, कुणाचा भावाचा कोट. विद्यानं खोलीत पाय ठेवला आणि नाक मुरडलं. "ए, वास कसला येतोय गं? शेळी बांधलीय का कुठं?" सगळे खो खो हसले. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, ती अशीच फटकळ होती, पुढं माझ्या बाळंतपणात हीच विद्या डबे घेऊन धावली. पण त्या वेळी माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी घोंगडी पायानं कॉटखाली सारली आणि सगळ्यांबरोबर हसले.

ते गेले तेव्हा मावशी भजनाला गेली होती. मी बंब पेटवला. कढत पाणी काढलं, त्यात धुण्याचा सोडा घातला, पावडर घातली, आणि तात्यांची घोंगडी त्यात बुडवून धोपाटण्यानं बडव बडव बडवली. पाणी काळं झालं, मला वाटलं मळ निघतोय. वास गेला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. पिळायला घेतली तर हाताला काहीतरी वेगळं लागलं. दोरीवर टाकली आणि बघता बघता ती आत आत ओढत गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या बापाच्या अंगाला दोनदा वेढे घेणारी घोंगडी एका माणसाला बसायला पुरेल एवढी उरली होती. लोकरीला गरम पाणी दाखवायचं नसतं, हे मेंढक्याच्या घरातल्या दुधपित्या पोराला कळतं. कोळ्याच्या पोरीनं मासे उन्हात ठेवून विसरावेत तशातली गत. मी ती ओढली, ताणली, चार कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवले. मग ट्रंकेच्या तळाशी घालून कुलूप लावलं आणि मावशीला सांगितलं, सामानात बांधली.

तळी मी बघितली. तीन नाही, एकच. विद्याच्या भावाचा कापूस भरलेला कोट घालून मी चढले. पहिल्या तळ्याशी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पाण्याचा रंग मी सांगू शकत नाही, कारण मी नीट बघितलाच नाही. भुरभुर हिमपाऊस सुरू झाला, कोटातला कापूस भिजून मणाचा झाला आणि माझे दात वाजायला लागले, ते थांबेचनात. सर घाबरले. खाली उतरणारा तिथला एक म्हातारा मेंढपाळ आमच्यापाशी थांबला, त्यानं काही न विचारता आपलं लोकरीचं पांघरूण माझ्या अंगावर टाकलं. ओल्या लोकरीचा तो वास! आमच्या उंबऱ्याचा, चातीचा, तात्यांच्या खांद्याचा वास. मी त्यात तोंड घालून रडले आणि सगळ्यांना वाटलं थंडीनं रडतेय. विद्या माझे हात चोळत म्हणाली, "किती भारी आहे गं हे, आपल्याकडं का नाही असं मिळत?" माझ्यापायी सगळे तिथून माघारी फिरले. सर म्हणाले, "सुलभाच्या आराखड्यात हेच होतं, तळं दिसलं तरी फिरायचं." माझी पाठ थोपटली त्यांनी. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

गावी आले तर तात्या दारातच. "बघितली तळी? ऊब दिली का न्हाय घोंगडीनं?" सगळ्या वाटेनं मी ठरवत आले होते की सांगायचं. खरंच ठरवलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघालं, "दिली की. पण तात्या, येताना बारामतीच्या स्टँडवर पिशवी ठेवून पाणी प्यायला गेले, तेवढ्यात कुणीतरी उचलली." आई कपाळावर हात मारून खाली बसली. तात्या म्हणाले, "असूंदे. तू आलीस न्हवं धड." आणि मला वाटलं, सुटले.

सुटते कशाची! तात्यांनी घोंगडीचा नाद सोडला नाही. रब्बीच्या पाण्याची पाळी सुरू झाली. भल्या पहाटे ते आईच्या लुगड्याची दुहेरी घडी पांघरून चारीवर जायचे आणि खोकत यायचे. दर बाजारादिवशी बारामतीला येऊन स्टँडवर, शेरडांच्या बाजारात हिंडायचे. दिसेल त्या खांद्यावरची घोंगडी न्याहाळायचे. मी म्हणायची, "तात्या, आता कुठली सापडतेय?" तर म्हणायचे, "माझ्या हातचा पीळ हाय त्यो. आंधळा झालो तरी बोटाला कळंल." मी कॉलेजातून सुटून त्यांना एसटीत बसवायला जायची आणि ते मला प्रत्येक वेळी विचारायचे, कुठल्या बाकड्यावर पिशवी ठेवली होतीस? मी दर वेळी तेच बाकडं दाखवायची. एकदाही चुकले नाही.

अशाच एका बाजारी सिदूआबा भेटले. खूप दिवसांनी भेट. तात्या हसत पुढं गेले, सिदूआबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच थांबले. सिदूआबांच्या घोंगडीचा काठ त्यांच्या बोटांत आला होता. त्यांनी तो चोळला, नाकाशी नेला, पुन्हा चोळला. "सिदू, ही घोंगडी कुठनं आनलीस?"

"सनगराकडनं. का रं?"

"ह्यो पीळ माझा हाय."

"असंल. सनगराकडं तुझं सूत उरलं आसंल, त्यानं काठाला घातलं आसंल."

"माझी घोंगडी हितल्या स्टँडवरनं चोरीला गेलीया."

सिदूआबांचा चेहरा उतरला. "म्हंजी? म्या चोरली म्हनतोस?" माणसं जमायला लागली. तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही माझी पोर. हिच्या पिशवीतनं गेली. माझी पोर खोटं बोलती व्हय?" मी पाच हातांवर उभी होते. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता. सिदूआबांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि तात्यांच्या पायाशी टाकली. "घे. वीस वर्सं एका भाकरीचं दोन तुकडं केलं आपुन. घे, गार लागत आसंल तुला." आणि ते उघड्या खांद्यानं शेरडांमधून चालत गेले. लोक तात्यांकडं बघत होते, काही सिदूआबांच्या पाठीकडं बघून "असला निघाला व्हय" म्हणत होते. तात्यांनी घोंगडी उचलली, पण अंगावर घेतली नाही. काखेत धरून एसटीत बसले. त्या दिवशी त्यांनी बाकड्याचं विचारलं नाही.

आता तरी मी सांगावं की नाही? वाचणाऱ्याला वाटेल, आता सांगितलं असेल. मी काय केलं ते ऐका. मावशीकडं आले, ट्रंक उघडली, तो आखडलेला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली आणि संध्याकाळी कालव्याच्या पुलावर जाऊन पाण्यात सोडला. पुरावाच नको! कालवा भरून वाहत होता. गुंडाळी जराशी बुडाली, वर आली आणि वळणाआड गेली. मला हलकं हलकं वाटलं. येताना मी भेळ खाल्ली. शिकलेली, नकाशा वाचणारी मुलगी, भूगोलाच्या सरांची लाडकी, आणि हे पाणी कुठं जातं ते मला सुचलं नाही.

पुढच्या शनिवारी मी गावी गेले. अंगणात शिरले तर बाभळीच्या कुंपणावर काळा चौकोन वाळत होता. काठाला पांढरी रेघ. तात्या गोठ्यातून आले, हात धुतले, कुंपणापाशी गेले आणि तो तुकडा उलटा केला, दुसऱ्या बाजूला ऊन लागावं म्हणून. "गजाला अडाकली हुती," म्हणाले. "कागुद हुता बारामतीचा." त्यांनी काठ बोटांत धरला होता. मी खाली बसले. त्यांनी विचारलं, "कढत पान्यात घातलीस?" मी मान हलवली. "का?" मी म्हटलं, "वास येतो म्हणाली विद्या." रागावतील म्हणून मी वाट बघत होते, रागावले असते तर मला पाय धरता आले असते. ते म्हणाले, "रिठ्याच्या गार पान्यात धुत्यात पोरी. मला इचारायचं व्हतंस." एवढंच. आई आतून भाकरी थापत होती, तिचा थापटण्याचा आवाज तेवढा मध्येच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मला घेऊन मोरगावच्या एसटीत बसले. एका काखेत सिदूआबांची घोंगडी, दुसऱ्या काखेत तो तुकडा. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते, आबा, माझं चुकलं, मी खोटं बोलले. सिदूआबांच्या अंगणात चार-पाच माणसं बसली होती, सगळी मेंढरंवाली, बाजारातली गोष्ट सगळ्यांना माहीत. कुणी "या" म्हटलं नाही. तात्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, सिदूआबांच्या पुढं त्यांची घोंगडी ठेवली, तिच्यावर तो तुकडा ठेवला आणि उभ्यानंच बोलले.

"सिदू, घोंगडी चोरीला गेली न्हवती. पोरीनं धड आनून दिली हुती. म्या कढत पान्यात घातली. आखडली. लाजंनं कुनाला बोललो न्हाय आन चोरीचं सोंग घेतलं. पोरीलाबी तसंच बोलाय लावलं. तुझ्यावर आळ घेतला. पायतान काढून मार."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तात्यांनी माझ्याकडं न बघता हात मागं करून माझं मनगट धरलं, आणि मी तोंड मिटलं. किती सोपं गेलं मला ते मिटायला!

मग एक म्हातारा फिसकन हसला. "तू? जलमभर मेंढरं राखलीस आन लोकर उकाळलीस?" दुसरा म्हणाला, "बटाटं समजला व्हय रं?" आणि सगळे हसायला लागले, मांड्या थोपटून. सुताराला करवत धरता येत नाही म्हणण्यासारखं होतं ते, त्याहून वाईट. तात्या खाली मान घालून उभे होते. सिदूआबा एकटे हसले नाहीत. त्यांनी तुकडा उचलला, त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी नजर पायाकडं वळवली. "बरं," ते म्हणाले. "तूच घातलीस म्हन. बस खाली. आगं, च्या ठेवा." मी तो चहा प्यायले. दोन कप प्यायले, नाही म्हणायचं धाडस झालं नाही म्हणून. निघताना तात्यांनी तो तुकडा परत काखेत घेतला.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "तात्या, असं का केलं?" खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "तुझी नोकरी व्हायची, लगीन व्हायचं. खोटी म्हून नाव पडलं की ते पुसत न्हाय. माझं काय, मला आता कुठं मेंढरं राखायचीत?" मी म्हटलं, "मी सांगेन सगळ्यांना." ते म्हणाले, "सांग की. तुला सोसंल तवा सांग."

नाव पडायचं ते पडलंच. आमच्या भागात मेंढरंवाल्यांत त्यांना पुढं सगळे 'कढतपाणी तात्या' म्हणायचे. लग्नात पंगतीला बसले की कुणीतरी म्हणायचं, "तात्यांना गार पानी द्या रं, कढत दिऊ नका." ते हसायचे. माझ्या लग्नातही म्हणाले, मी शालू नेसून ऐकत होते. मला मास्तरकी लागली, पोरांना मी खरं बोला म्हणून छड्या मारल्या. सिदूआबा गेले, मग तात्या गेले. तेराव्याला जमलेली माणसं तीच गोष्ट सांगून डोळे पुसत हसत होती आणि मी वाढप करत होते. दर वेळी वाटायचं, आज सोसेल. आईनंही जाईपर्यंत मला कधी विचारलं नाही, आणि मी सासरी निघाले तेव्हा तो तुकडा माझ्या सामानात मात्र तिनंच घातला.

आणि परवा मनूनं विचारलं, "अशी आखडली कशानं?" तर मी साठी उलटलेली बाई, मला आता ना नोकरी जायची ना लग्न मोडायचं, मी फोडणी ढवळावी इतक्या सहज म्हणाले, "अगं, तुझ्या पणजोबांनी गरम पाण्यात घातली होती." मनू हसली. म्हणाली, "अय्या, मेंढपाळ ना ते? इतकं साधं कळलं नाही त्यांना?"

ती उद्या सकाळी निघते. हे कागद मी तिच्या पिशवीत, त्या तुकड्याच्या घडीत ठेवणार आहे. तुकडा पाटाएवढा आहे, तळ्याकाठच्या दगडावर बसायला तेवढा पुरतो. मनू, तिथं बसून वाच. घोंगडी मी उकळली. तुझ्या पणजोबांनी नाही, मी.